आईंचा टॅब कपाटातून बाहेर काढा

साताऱ्याहून एका ताईंनी मोठे पत्र लिहिले आहे. त्यांच्या आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या असून जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. वयोमानाने दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, झिजला आहे आणि चष्म्याचा नंबर वाढवून आता उपयोग नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. दिवाळीत नातवाने त्यांना दहा इंची अँड्रॉइड टॅब आणून दिला, अक्षरे मोठी करून दिली आणि तो पुण्याला परत गेला. तिसऱ्या आठवड्यात टॅब आपोआप बोलू लागला. बोट लावले की नुसते नाव उच्चारतो, पण काहीच उघडत नाही. दुकानदाराने ‘सॉफ्टवेअर गेले, सगळे पुसून पुन्हा टाकावे लागेल’ असे सांगितले. आई म्हणाल्या, ‘माझ्या हातून बिघडला, आता मला तो नकोच,’ आणि त्यांनी टॅब साड्यांच्या कपाटात ठेवून दिला. ताई विचारतात: टॅब खरेच बिघडला आहे का? डोळ्यांच्या अशा स्थितीत त्यातल्या कोणत्या सोयी उपयोगी पडतील? की हा नाद सोडून आम्हीच आईला वाचून दाखवावे?

ताई,

आधी टॅब कपाटातून बाहेर काढा आणि दुकानात मात्र नेऊ नका. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो बिघडलेला दिसत नाही. त्यात टॉकबॅक नावाची सोय चालू झाली आहे. ज्यांना टॅबचा पडदा अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी ती अँड्रॉइडमध्ये २००९ सालापासून आहे. ती चालू असताना टॅब वापरण्याची रीतच बदलते. एकदा बोट टेकवले की त्या जागी काय आहे ते टॅब बोलून सांगतो आणि त्याभोवती चौकट दिसते. ते उघडायचे असेल तर बोट झटपट दोनदा टेकवावे लागते. पान वर-खाली सरकवायलाही एक बोट पुरत नाही, दोन बोटे लागतात. हे ठाऊक नसलेल्या माणसाला टॅब गोठला आहे असेच वाटणार.

आवाज कमी-जास्त करण्याची दोन्ही बटणे एकाच वेळी सुमारे तीन सेकंद दाबून धरा. बहुतेक टॅबमध्ये टॉकबॅक याच खुणेने चालू होतो आणि याच खुणेने बंद होतो. तसे झाले नाही, तर दोनदा बोट टेकवण्याच्या रीतीने सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी या विभागात (दिसण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीच्या सोयी तिथे असतात) जा आणि तिथून टॉकबॅक बंद करा. तो चालू कसा झाला असेल, याचा अंदाज करता येतो. टॅब दोन्ही हातांत कडेने धरला की अंगठा किंवा तळवा नेमका त्या बटणांवर पडतो. ही खूण पहिल्यांदा वापरली जाते तेव्हा पडद्यावर विचारणा करणारी एक चौकट येते. त्या चौकटीतली बारीक अक्षरे आईंना वाचता आली नसतील आणि ती घालवण्यासाठी त्यांनी समोर दिसले ते बटण दाबले असेल. यात त्यांची काहीही चूक नाही, आणि हे त्यांना तुम्ही स्वतः, याच शब्दांत सांगायला हवे.

एवढे सांगून थांबू नका. त्यांच्याच हातांनी टॉकबॅक तीन-चार वेळा चालू आणि बंद करवून घ्या. मी गेली काही वर्षे दृष्टी कमी झालेल्या प्रौढांना मोबाइल आणि टॅब शिकवते. वर्गात येणारे एक निवृत्त पोस्टमास्तर सुरुवातीला पडद्याला बोटच लावत नसत. हात मांडीवर ठेवून नुसते ऐकत बसत. घरी असाच टॉकबॅक चालू झाला होता आणि मुलगा कामावरून येईपर्यंत त्यांनी दिवसभर तो बोलता मोबाइल उशीखाली दाबून ठेवला होता. त्यांना मी त्या दिवशी दुसरे काही शिकवले नाही. बटणांच्या कडा बोटांनी चाचपून ओळखायच्या, दाबायच्या, मनात चारपर्यंत मोजायचे, आवाज बंद झाला की हात काढायचा. हेच पंधरा-वीस वेळा केले. पुढच्या आठवड्यात ते स्वतः होऊन पडद्यावर बोट फिरवत होते. अडकलो तर बाहेर कसे पडायचे हे एकदा हाताला कळले की आत शिरण्याची भीती कमी होते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी कोणतीही सोय शिकवताना आधी ती बंद करायला शिकवते.

आता आईंच्या डोळ्यांविषयी, कारण सोयींची निवड त्यावरच ठरते. मॅक्युला झिजल्यावर नजरेचा मधला भाग पुसट होतो किंवा तिथे डाग दिसतो, कडेची नजर मात्र बरीचशी शाबूत राहते. म्हणजे आई घरात नीट वावरत असतील, जमिनीवर पडलेली वाटी त्यांना दिसत असेल, पण ज्या शब्दाकडे थेट पाहावे तोच शब्द नाहीसा होत असेल. अशी माणसे मान किंचित वळवून, नजरेच्या कडेने वाचायला शिकतात. आई तसे करत असतील तर त्यांना ‘समोर बघ’ असे कोणी सांगू नये. टॅबही त्यांच्या नजरेला सोयीचा पडेल अशा ठिकाणी, टेकू देऊन उभा ठेवावा.

तुमच्या भाच्याने अक्षरे मोठी करून दिली, पण ती कशी केली हे पाहायला हवे. ‘मोठे केले की शब्द पडद्याबाहेर जातात आणि आई चिडते’ असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून त्याने मॅग्निफिकेशन चालू केले असावे. मोठे करण्याचे तीन वेगवेगळे मार्ग टॅबमध्ये आहेत आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. फॉन्ट साइझ वाढवला की फक्त अक्षरे मोठी होतात आणि ओळी नव्याने मांडल्या जातात, त्यामुळे वाचताना डावी-उजवीकडे सरकावे लागत नाही. डिस्प्ले साइझ वाढवला की बटणे, चित्रे, त्यांच्यामधली जागा हे सगळेच मोठे होते. मॅग्निफिकेशन म्हणजे पानावर धरलेले भिंग. त्यात पानाचा एक तुकडाच दिसतो. ओळ वाचायची तर भिंग उजवीकडे सरकवत न्यायचे, मग डावीकडे परत आणून पुढच्या ओळीची सुरुवात शोधायची. ज्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आहे त्यांच्यासाठी ही शोधाशोध फार थकवणारी असते. म्हणून वाचनासाठी आधी फॉन्ट साइझ, मग डिस्प्ले साइझ, आणि मॅग्निफिकेशन फक्त नातवंडांचे फोटो, नकाशे, विजेच्या बिलावरचा आकडा अशा गोष्टींसाठी ठेवावे. त्याचे बटण पडद्याच्या कोपऱ्यात ठेवता येते. ते दाबले की भिंग येते, पुन्हा दाबले की जाते. टॅब अँड्रॉइड १४ किंवा त्यापुढचा असेल तर अक्षरे मूळ आकाराच्या दुपटीपर्यंत वाढवता येतात, आणि आधीच मोठी असलेली शीर्षके त्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळे पान विस्कटण्याचे प्रमाण कमी असते.

फॉन्ट एकदम सगळ्यात मोठा करण्याचा मोह मात्र आवरा. आईंना शेजारी बसवून, त्यांच्या ओळखीच्या मजकुरावर, लहानाकडून मोठ्याकडे एकेक पायरी चढत जा, आणि ज्या आकारात त्या दहा मिनिटे न थकता वाचू शकतील तिथे थांबा. अक्षर गरजेपेक्षा मोठे झाले की ओळीत दोनच शब्द मावतात आणि वाक्याचा अर्थ हातातून निसटतो. आपल्या देवनागरीची आणखी एक अडचण आहे. शिरोरेषेमुळे अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात आणि नजरेच्या मधोमध डाग असला की घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांतला बारीक फरक पुसला जातो. अनुस्वार तर सहज हरवतो. त्यासाठी अक्षरे ठळक करण्याची सोय वापरून पाहा, पण फार ठळक केल्यास अक्षराच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते आणि ते अधिकच अवघड होते, म्हणून निर्णय आईंनाच करू द्या. रंगांचेही तसेच आहे. काळ्यावर पांढरी अक्षरे केल्याने डोळ्यांवर येणारी तिरीप कमी होते आणि अनेकांना ते सुखाचे वाटते. काहींना मात्र पांढऱ्यावर काळे आणि भरपूर उजेड हेच बरे पडते. एकदा सकाळी खिडकीपाशी आणि एकदा संध्याकाळी दिव्याखाली, असे दोन्ही वेळा पाहून ठरवा.

डोळे थकल्यावर उरलेला मजकूर कानांनी वाचण्याची सोय हा आईंसाठी टॅबचा सर्वांत मोठा उपयोग ठरेल, असे मला वाटते. तिचे नाव सिलेक्ट टू स्पीक. टॉकबॅकसारखी ती टॅब वापरण्याची रीत बदलत नाही. एरवी गप्प असते, तिचे बटण दाबून परिच्छेदावर बोट ठेवले की तेवढा मजकूर वाचते आणि वाचला जाणारा शब्द रंगवून दाखवते. त्यामुळे नजर आणि कान दोन्ही एकत्र चालतात. त्याआधी एक काम तुम्हाला करावे लागेल. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत टेक्स्ट टू स्पीच या नावाखाली गूगलचा आवाज निवडून मराठी आवाज उतरवून घ्या, नाहीतर टॅब मराठी मजकुरापुढे अडखळेल किंवा मुकाट बसेल. गती नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा. हा आवाज यंत्राचा आहे. च आणि ज यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत आणि त्यांत तो चुकू शकतो. अर्धविरामाला थांबेल, पण ओवीच्या चरणाला थांबेलच असे नाही. उभी हयात मुलांचे उच्चार सुधारण्यात घालवलेल्या शिक्षिकेला हे खटकेल. त्यांना आधीच कल्पना द्या, म्हणजे पहिल्याच दिवशी मन विटणार नाही. चार-पाच दिवसांत कान सरावतो.

कोणता मजकूर वाचला जाईल आणि कोणता नाही, हे इथे समजून घ्यावे लागेल, कारण पुष्कळ लोक याच ठिकाणी निराश होतात. टॅब फक्त युनिकोडमधली, म्हणजे सगळ्या उपकरणांना समजणाऱ्या जागतिक अक्षरपद्धतीतली, अक्षरे ओळखतो. वृत्तपत्रांचे ई-पेपर हे बहुधा छापील पानाचे चित्र असते; त्यात टॅबला अक्षरे दिसतच नाहीत, आणि मोठे केले तरी ओळी नव्याने मांडल्या जात नाहीत. त्याच वृत्तपत्रांच्या संकेतस्थळावरची बातमी मात्र मोठीही होते आणि वाचलीही जाते. युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये तयार केलेल्या जुन्या पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतात, पण टॅब त्या वाचू लागला की निरर्थक चिन्हांची बडबड ऐकू येते. आईंना वाटेल, पुन्हा काहीतरी बिघडले. तसे नाही, दोष त्या फाइलचा आहे.

सुरुवातीच्या वाचनासाठी मी मराठी विश्वकोश सुचवीन. तुमच्या जिल्ह्यातल्या वाईत घडलेल्या या कोशाचे वीसही खंड महाजालावर युनिकोडमध्ये आहेत, कोणालाही विनामूल्य वाचता येतात, आणि नोंदी लहान-मोठ्या असल्यामुळे आपल्या डोळ्यांना झेपेल तेवढी नोंद निवडता येते. शिकवलेल्या विषयांपैकी एखादा त्यांना निवडू द्या. घरातल्या छापील कागदांसाठी, म्हणजे औषधाची चिठ्ठी, लग्नपत्रिका, बँकेचे पत्र यांसाठी, गूगल लेन्स उपयोगी आहे. कॅमेरा कागदावर धरला की ते छापील देवनागरी अक्षरे ओळखते आणि ती ऐकताही येतात. हाताने लिहिलेल्या मजकुरावर मात्र त्याचा भरवसा धरू नका, विशेषतः औषधांच्या बाबतीत.

पुस्तकांसाठी आणखी एक दार आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले, त्यात भारतीय भाषांतलीही पुस्तके आहेत. सदस्यत्वासाठी दृष्टिदोषाचा पुरावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात पूर्ण अंधत्वाइतकेच अल्पदृष्टीलाही स्थान आहे: चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी असेल, तर माणूस त्या व्याख्येत येऊ शकतो. ‘आई काही आंधळी नाही’ असे म्हणून अनेक घरांत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढलेच जात नाही. तुम्ही डॉक्टरांना जरूर विचारा.

हात थोडा थरथरतो, त्यामुळे एका ठिकाणी बोट ठेवले की भलतीच यादी उघडते, असेही तुम्ही लिहिले आहे. बोट किंचित जास्त वेळ टेकले तर टॅब त्याला दाबून धरणे समजतो. टच अँड होल्ड डिले ही मुदत ‘लाँग’ करा. सूचना येऊन वाचण्याआधीच नाहीशा होत असतील, तर टाइम टू टेक अ‍ॅक्शन दोन मिनिटांपर्यंत वाढवता येते. पडदा लवकर काळा पडू नये म्हणून त्याचीही वेळ वाढवा. आणि पडद्याच्या कडेवरून बोट ओढून मागे जाण्याची नवी पद्धत काढून टाकून खाली तीन बटणे दिसतील अशी जुनी पद्धत निवडा. थरथरत्या हाताला दिसणारे, जागचे न हलणारे बटण फार आधार देते. या सगळ्यांची नावे आणि जागा कंपनीनुसार थोड्या बदलतात, पण सेटिंग्जच्या शोधचौकटीत नाव लिहिले की सापडतात. टॅबची भाषाच मराठी केली तर आईंना ही नावे स्वतः वाचता येतील, म्हणून तेही कराच.

टॉकबॅक आज शिकवण्याची गरज नाही. कडेच्या नजरेने त्यांना पडदा वापरता येतो आहे तोवर ती रीत त्यांना जड आणि अपमानकारक वाटू शकते. पुढे कधी गरज पडली तर ती शिकता येते, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी ती शिकलेली मी पाहिली आहे. पण ज्या दिवशी ती शिकायची तो दिवस आईंनी ठरवावा.

एका धोक्याची जाणीव मात्र घरातल्या सगळ्यांना हवी. वर सांगितलेल्या सोयींपैकी एकीसाठीही बाहेरून काही उतरवून घ्यावे लागत असेल, तर ते प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. त्यांतल्या बहुतेक सोयी टॅबमध्ये आधीपासूनच असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेच्या किंवा विजेच्या बिलाच्या नावाने आलेली एखादी फाइल उघडल्यावर ती ‘अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्या’ असे म्हणाली, तर तिथेच थांबा. ही परवानगी मिळालेले अ‍ॅप पडद्यावरचे सगळे वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. टॉकबॅकला ती सत्ता आपण जाणून देतो, कारण त्याशिवाय तो वाचून दाखवू शकणार नाही. भामट्यांनाही तीच हवी असते. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या अ‍ॅपना अशी परवानगी सहजासहजी मिळत नाही, तरी ‘अमुक दाबा, तमुक दाबा’ असे फोनवर सांगून ती मिळवणारे भेटतात. आईंना एवढेच पक्के सांगा की परवानगी मागणारे काही दिसले तर टॅब पालथा ठेवायचा आणि तुम्हाला हाक मारायची.

तुमचा शेवटचा प्रश्न, आम्हीच वाचून दाखवावे का? जरूर दाखवा, पण टॅबच्या ऐवजी नव्हे. संध्याकाळी एकत्र बसून कोणी वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, हे सुख वेगळे आहे. पण दुपारी तीन वाजता, घरात कोणी नसताना, मनात आले ते पान उघडावे, आवडले नाही तर मिटावे, एकच ओळ चारदा वाचावी, हे दुसऱ्याच्या तोंडून होत नाही. तिथे प्रत्येक वेळी कोणाला तरी विनंती करावी लागते. ‘माझे वाचन गेले’ असे आई म्हणतात, तेव्हा त्या बहुधा याच दुपारींविषयी बोलत असतात.

शिकवताना टॅब त्यांच्या हातातून काढून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ‘थांब, मी करते’ हे शब्द प्रेमाने तोंडून निघतात, पण त्यानंतर शिकणारा माणूस बघ्या होतो. बोट चुकीच्या जागी गेले तरी जाऊ द्या, तोंडाने सांगा आणि वाट पाहा. एका दिवशी एकच गोष्ट, वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. पहिला दिवस टॉकबॅक बंद करण्याचा, दुसरा अक्षरांच्या आकाराचा, तिसरा वाचून दाखवणाऱ्या बटणाचा. प्रत्येक दिवशीची खूण जाड काळ्या स्केचपेनने, पांढऱ्या कागदावर, त्यांना दिसेल एवढ्या अक्षरांत त्यांच्याकडूनच लिहवून घ्या. भाच्यालाही कळवा की यापुढे त्याने पुण्याहून सूचना देताना आजीला फोन करावा, तुम्हाला नाही.

आणि दाराची चौकट किंवा फरशीच्या सरळ रेषा आईंना अचानक वाकड्या दिसू लागल्या, किंवा मधला डाग थोड्याच दिवसांत वाढला असे त्या म्हणाल्या, तर अक्षरे आणखी मोठी करत बसू नका. मॅक्युलाच्या विकारात रक्तवाहिन्या पाझरू लागल्याची ती खूण असू शकते आणि त्यावर वेळेत डोळ्यात इंजेक्शने देऊन उपचार करता येतात. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.